साखरेच्या मुलखातला शक्करखोरा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



मी बेलापूरचा. असं सांगितलं की समोरचा माणूस हमखास विचारतो, "म्हणजे नवी मुंबईतलं का?" नाही हो. आमचं बेलापूर अहिल्यानगर जिल्ह्यातलं, श्रीरामपूर तालुक्यातलं, प्रवरेच्या काठचं. त्यातही गंमत अशी की, दौंड-मनमाड मार्गावर 'बेलापूर' अशी पाटी वाचून तुम्ही गाडीतून उतरलात, तर उतरता श्रीरामपुरात. स्टेशनाचं नाव बेलापूर, गाव श्रीरामपूर, आणि खरं बेलापूर तिथून काही किलोमीटर लांब. नावावरून होणारी फसगत आम्हा बेलापूरकरांच्या अंगवळणी पडलेली आहे. आज ज्या पाखराविषयी बोलणार आहे, त्याच्या बाबतीतही सुरुवात फसगतीनंच झाली.

माझा भाचा न्यू जर्सीला असतो. 2022 च्या उन्हाळ्यात त्यानं मोबाइलवर एक चित्रफीत पाठवली. त्याच्या घरामागच्या अंगणात लाल रंगाची एक बाटली टांगलेली आणि तिच्यासमोर एक इवलासा पक्षी हवेत स्थिर उभा. पंख दिसतच नव्हते, नुसता धूर दिसावा तसं काहीतरी दोन बाजूंना हलत होतं. पाणी प्यायला, सरळ मागच्या मागं सरकला आणि गायब. 'मामू, हा हमिंगबर्ड. तुमच्याकडं नाही हा,' असं खाली लिहिलं होतं.

आता 'तुमच्याकडं नाही' असं कुणी म्हटलं की आपल्याला राहवत नाही. मी परसात गेलो. डाळिंबाच्या फुलावर रोज येणारं ते चिमुकलं, काळसर, चमकदार पाखरू माझ्या चांगलं ओळखीचं होतं. लांब बाकदार चोच, फुलात घालून रस पिणं, क्षणभर हवेत फडफडणं, सगळं जुळत होतं. मोबाइलवर कसाबसा फोटो काढला आणि मोठ्या तोऱ्यात पाठवून दिला. 'आमच्या बेलापुरातही हमिंगबर्ड आहे.' उत्तर भाच्याच्या नऊ वर्षांच्या मुलीकडून आलं. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत असतात, भारतात एकही नाही, आणि हा फोटो सनबर्डचा आहे. पंचावन्नाव्या वर्षाकडं निघालेल्या कवीची एवढी सरळ दुरुस्ती आजवर एकाही समीक्षकानं केलेली नव्हती.

पोरीचं बरोबर होतं. हमिंगबर्डच्या साडेतीनशेहून जास्त जाती आहेत आणि त्या सगळ्या उत्तर आणि दक्षिण अमेरिकेत आणि आसपासच्या बेटांवर. क्यूबातली एक जात तर जेमतेम दोन ग्रॅम वजनाची आहे, जगातला सर्वांत लहान पक्षी. आपला सूर्यपक्षी त्यांचा नातेवाईकसुद्धा नाही. दोघांची कुळं वेगळी, खंड वेगळे. पण फुलातला रस पिण्याचा धंदा एकच, म्हणून दोघांनाही तशीच लांब चोच, नळीसारखी जीभ आणि तशीच अंगावरची झळाळी लाभली. एका गावच्या लोहाराचा आणि दुसऱ्या गावच्या लोहाराचा घण सारखाच दिसावा, तसं. फरक एवढाच की तो हवेत उभा राहून पितो आणि आपला हा शक्यतो फांदीवर बसून, मान वाकडी करून, निवांत पितो. हवेत फडफडतो, पण नाइलाज झाला तरच.

पण माझी खरी फसगत वेगळीच होती. परक्या देशातलं नाव मी या पाखराला चिकटवलं आणि घरातलं नाव विसरलो. आमच्या घरात दखनी बोलतात. दारातून बाहेर पडलो की मराठी. कविता मी मराठीत लिहितो, पण आईशी बोलणं शेवटपर्यंत दखनीतच झालं. ती या पाखराला 'शक्करखोरा' म्हणायची. म्हणजे साखर खाणारा. वडील साखर कारखान्यात नोकरीला होते. हरेगावचा जुना कारखाना, प्रवरानगरचा सहकारी कारखाना, ही नावं आमच्या भागात देवळा-मशिदींच्या नावांसारखीच घेतली जातात. अशा मुलखात साखरखाऊ पाखराचं काय कौतुक! घरात खीर शिजत असताना नेमका कुणी पाहुणा टपकला की अम्मा चुलीपासूनच म्हणायची, "शक्करखोरे को शक्कर मिल ही जाती है." पाहुण्याला वाटायचं आपलं स्वागत होतंय. म्हण जुनी आहे, उर्दूत सगळीकडं चालते, पण मला ती कितीतरी वर्षं अम्मानंच रचलीय असं वाटायचं.

मराठीत याला सूर्यपक्षी म्हणतात आणि शिंजीर असंही एक सुरेख नाव आहे. मारुती चितमपल्लींनी आपल्याला 'पक्षिकोश' देऊन ठेवला. 2025 च्या जूनमध्ये ते गेले. एकेका पाखराची नावं गोळा करत जंगलात आयुष्य काढलेला तो माणूस. त्या वेळी मी मनाशी म्हटलं होतं की, माणसानं निदान आपल्या परसातल्या पाखराला तरी नीट नावानं हाक मारावी.

आमच्या भागात सूर्यपक्ष्याच्या दोन जाती सहज दिसतात. एक जांभळा, विणीच्या दिवसांत नर संपूर्ण गडद जांभळा-निळा. दुसऱ्याचं पोट पिवळं असतं आणि कंबर जांभळी. आमच्याकडं येतो तो पहिला. लांबी दहा सेंटिमीटर, वजन दहा ग्रॅमच्या आत. मादी साधी, वरून मातकट, खालून फिकट पिवळी. आणि एक नवल सांगतो. पावसाळा सरता सरता नर आपला झगमगीत अंगरखा उतरवतो आणि मादीसारखाच मातकट होतो. गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी रेघ तेवढी उरते. पहिल्या वर्षी मला वाटलं, आपला शक्करखोरा गेला. घरमालकिणीनं ती रेघ दाखवली. म्हणाली, "वोइच है. पुराने कपडे पहना है."

तर, भाच्याच्या त्या बाटलीनं माझ्या डोक्यात किडा सोडला होता. आपणही साखरपाणी टांगायचं ठरवलं. पहिल्यांदा गुळाचं पाणी केलं, दोन दिवसांत आंबलं आणि गावभरच्या माश्या जमल्या. दुसऱ्यांदा सरबताचा लाल रंग घातला, दिसायला झकास. न्यू जर्सीहून तातडीनं फर्मान आलं की रंग घालायचा नाही, मध घालायचा नाही, गूळ तर नाहीच. एक वाटी पांढरी साखर, चार वाट्या पाणी, बस्स. फुलातला रस साधारण तेवढाच गोड असतो. आणि आपल्या उन्हात ते पाणी रोज बदलायचं, बाटली रोज धुवायची, नाहीतर बुरशी धरते आणि पाखराला बाधते. मग मुंग्यांची रांग लागली. त्यावर तोडगा म्हणून टांगायच्या तारेत एक झाकण ओवलं आणि त्यात पाणी भरलं. मुंग्या त्या खंदकाशी येऊन परत फिरू लागल्या. आपला पाहुणा बसून पिणारा, म्हणून खराट्याची काडी आडवी बांधली. खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली आणि प्लॅस्टिकचं एक लाल फूल, एवढाच काय तो खर्च. अकरा दिवस तो फिरकला नाही. बाराव्या दिवशी आला, काडीवर बसला, एक घोट घेतला आणि डाळिंबाकडं निघून गेला. मला तेवढं पुरे झालं.

खरं सांगायचं तर त्याला त्या बाटलीची गरज नव्हतीच. परसात डाळिंब होतं, जास्वंद होती, मधुमालतीचा वेल खिडकीवर चढलेला होता आणि कुंपणाशी रुई. गरज मला होती, कारण बाटली असली की पाखरू ठरलेल्या जागी येतं आणि फोटो काढता येतो.

श्रीरामपूरला माझा एक स्टुडिओवाला मित्र आहे. लग्नाचे फोटो काढण्यात त्याची हयात गेली. त्याच्याकडून एक जुना कॅमेरा आणि लांबची लेन्स हप्त्यानं घेतली. पहिले दोनशे फोटो दाखवले तर हसत सुटला. सगळ्यांत एक काळा ठिपका. "शायर, कावळ्याचं पिल्लू आहे का हे?" मग त्यानं समजावलं. या पाखराची झळाळी ही रंगाची नाहीच. पिसात निळा-जांभळा रंग भरलेला नसतो. पिसाच्या आत अतिशय बारीक थर असतात, त्यांवरून उजेड परततो तेव्हा निळा, हिरवा, जांभळा दिसतो. साबणाच्या फुग्यावर दिसतो तसा. कोन बदलला की काळा. म्हणून सूर्य तुमच्या पाठीशी पाहिजे आणि पाखराचा गळा तुमच्याकडं. सकाळी सात ते नऊ. शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाहून वेगवान. आणि सबुरी. ही शेवटची गोष्ट कॅमेऱ्याबरोबर मिळत नाही, असं तो म्हणाला.

मी शिकलो हळूहळू. एका सकाळी त्यानं मान वळवली आणि काळ्या कोळशातून एकदम जांभळा विस्तव पेटला, तो क्षण कॅमेऱ्यात आला. कवितेची ओळ जमल्यावर होतो तसाच आनंद झाला, खोटं कशाला सांगू. त्याच्या भांडखोरपणाचेही फोटो आहेत. माझ्या स्कूटरच्या आरशात त्याला दुसरा नर दिसायचा, मग अर्धा अर्धा तास आरशाला चोची मारत राहायचा. शेवटी आरशावर पायमोजा चढवला. गल्लीतली पोरं विचारायची, चाचा, गाडीला थंडी वाजते का?

इथं सलीम अलींची आठवण काढल्याशिवाय पुढं जाववत नाही. 1931 साली त्यांनी कोकणातल्या बांडगुळावर आणि त्याच्याशी असलेल्या सूर्यपक्ष्यांच्या, फुलटोच्यांच्या नात्यावर एक लेख लिहिला होता. आंब्यावर वाढणारं बांडगूळ आपण पाहतो. त्याची कळी पिकली तरी आपणहून उमलत नाही. सूर्यपक्षी येऊन चोचीनं तिचं टोक दाबतो, तेव्हा ती फटकन उघडते आणि पराग त्याच्या डोक्यावर उडतो. तो पुढच्या फुलाकडं जातो, तिथं पराग पोचतो. मग फळ धरतं, ते फुलटोच्या खातो आणि चिकट बी दुसऱ्या फांदीवर टाकतो. आपल्याकडं एखाद्याला बांडगूळ म्हणणं ही शिवी आहे. सूर्यपक्ष्याला ते ठाऊक नाही. हे सगळं त्यांनी तासन् तास नुसतं बघून टिपलं होतं. मी मात्र बघायचं सोडून काढायच्या मागं लागलो होतो. आता मी मूळ गोष्टीकडं येतो, जी सांगायला मला थोडं जड जातं.

2023 च्या फेब्रुवारीत, अखेरच्या आठवड्यात, माझी पत्नी न्हाणीघरात घसरून पडली. घोट्याचं हाड मोडलं. दीड महिन्याचं प्लास्टर. तिची खाट मागच्या खोलीत खिडकीशी हलवली. दिवसभर घर पायाखाली घालणारी बाई खिळून पडली की घराचा आवाजच बदलतो. मार्चच्या पहिल्या आठवड्यात तिनं मला हाक मारली. खिडकीबाहेर, हात लांब केला तर लागेल एवढ्या अंतरावर, मधुमालतीच्या एका लोंबत्या फांदीला काहीतरी कचरा अडकला होता. कोळ्याचं जाळं, वाळकी पानं, सालीचे तुकडे. "कचरा नही है," ती म्हणाली, "घर है."

मादी एकटी बांधत होती. नर आजूबाजूच्या फांद्यांवर गात हिंडायचा, हातभार काही नाही. (यावर घरात जी टिप्पणी झाली ती आकाशवाणीवरून सांगण्याजोगी नाही.) आठवडाभरात लांबुडकी पिशवी तयार झाली, बाजूला दार आणि दारावर पावसाची झड लागू नये म्हणून छोटीशी पडवी. आत कापसाची मऊ गादी. बाहेरून मुद्दाम कचऱ्यासारखं दिसणारं. मग मादी आत बसली. चोच तेवढी दारातून बाहेर. पत्नीचं सगळं वेळापत्रक त्या चोचीवर चालू लागलं. औषधाची वेळ ती पाखराच्या फेऱ्यांवरून सांगायची. पायाच्या वेदनेविषयी बोलणं कमी झालं, हे मला दिसत होतं.

24 मार्चला रमजानचे रोजे सुरू झाले. सहेरी करून मी फजरनंतर झोपत नसे, कॅमेरा घेऊन खिडकीशी बसे. महिनाअखेरीला पिल्लं निघाली, दोन. आई-बाप दोघंही आता किडे, कोळी आणू लागले. साखर खाणाऱ्याची पोरं साखरेवर वाढत नाहीत, त्यांना मांस लागतं, हे मला तेव्हा कळलं. दोन पिवळ्या चोची दारात उघडायच्या. पण फोटो काळोखात जायचा. मधुमालतीची दोन दाट पानं भरलेली डहाळी घरट्यावर सावली धरून होती.

मी ती डहाळी सुतळीनं बाजूला बांधली.

पत्नी म्हणाली, "मत करो जी." मी म्हटलं, फक्त तासभर, नंतर सोडतो. पहिल्या दोन दिवशी सोडलीही. पिल्लांना भरवतानाचा फोटो मिळाला. आईची चोच पिल्लाच्या घशात, तिच्या डोळ्यात खिडकीच्या गजांचं प्रतिबिंब. तिसऱ्या दिवशी आणखी चार फोटो काढले आणि ते मोठे करून घ्यायला सकाळीच श्रीरामपूरला निघालो. सुतळी तशीच राहिली.

एप्रिलचं ऊन तुम्हाला सांगायला नको. अकराच्या सुमारास घरटं भर उन्हात उघडं पडलं. आणि जे मला स्वच्छ दिसत होतं ते कावळ्यालाही दिसलं. पत्नी खाटेवर. उठता येत नव्हतं, हात गजांपर्यंत पोचत होता. तिनं स्टीलचा पेला घेऊन गजांवर आपटायला सुरुवात केली. आपटत राहिली, ओरडत राहिली. शेजारची मुलगी धावत आली तोवर सगळं उरकलं होतं. मी दुपारी परतलो तेव्हा माझ्या हातात गुंडाळलेला फोटो होता, बारा बाय अठराचा. पेल्याला पोचे पडले होते. घरट्याची एक बाजू फाटून कापूस लोंबत होता. मादी संध्याकाळपर्यंत चोचीत किडा घेऊन त्या फांदीवर येत राहिली.

पत्नी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी इफ्तारच्या वेळी खजूर पुढं करताना एवढंच म्हणाली की, उसको छुपना आता था. तिला लपता येत होतं. मी मान खाली घालून खजूर घेतला.

अनेक जाणत्या छायाचित्रकारांनी घरट्यांचे फोटो काढणं सोडलं आहे आणि कित्येक स्पर्धांत असे फोटो घेतच नाहीत, हे मला नंतर समजलं. कारणं अगदी हीच. पानं बाजूला होतात, आई-बाप बिचकतात, माणसाची वर्दळ बघून कावळ्याला पत्ता लागतो. स्टुडिओवाल्या मित्रानं तो फोटो पाहून 'बक्षीस घेईल' असं म्हटलं होतं. मी तो कुठंही पाठवला नाही. फाडलाही नाही. कपाटात, कवितांच्या जुन्या वह्यांखाली आहे. त्यावर कविता लिहावी असंही सुचवलं एकानं. नाही लिहिली. जमलीच तर ती चांगली कविता होईल, याचीच मला भीती वाटते.

साखरपाण्याची बाटली मी त्याच उन्हाळ्यात काढून टाकली. बाटली वाईट म्हणून नव्हे. रोज नीट धुणारा कुणी असेल तर खुशाल टांगावी. मी आणखी दोन डाळिंबं लावली आणि अडुळसा. डाळिंबं आता फुलावर येतात. कॅमेरा आहे, पण तो अंगणात, फुलांशी, दुरून. गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी अडुळशाच्या फुलांसमोर हवेत उभं राहून रस पिणारं काहीतरी दिसलं, पंखांचा नुसता धूर. क्षणभर छाती धडधडली, न्यू जर्सीचा पाहुणा आला की काय. पतंग होता तो, लांब सोंडेचा. आमच्याकडचे लोक त्यालाही हमिंगबर्ड समजून फोटो पाठवतात. या वेळी मी कुणालाही काही पाठवलं नाही, आधी पुस्तक उघडलं.

यंदा मार्चमध्ये पत्नीनं मला घरातली जळमटं काढायला मनाई केली. पाहुणे येणार होते, मी झाडू घेऊन माळवदाखालच्या कोपऱ्याशी उभा, आणि ती म्हणते, राहू द्या. तिनं पाहिलं होतं, मादी व्हरांड्यात येऊन कोळ्याचं जाळं ओढून नेत होती. घरटं त्याच मधुमालतीवर झालं, पण पलीकडच्या अंगाला, पानांच्या आत, खिडकीतून फक्त एक टोक दिसेल असं. भाच्याच्या मुलीचा निरोप आला, फोटो पाठवा. मी कळवलं, घरटं आहे, फोटो नाही. तिनं लगेच विचारलं, मग पिल्लं किती? मी पत्नीला विचारलं. तिनं चहाचा कप खाली ठेवला, खिडकीकडं पाहत थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, "आवाज तो दो का आता है."